पाच बोटांचा हिशेब

१९७१ च्या जुलैतली एक सकाळ. पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, सरकारी अतिथिगृहात हेन्री किसिंजर यांच्या न्याहारीबरोबर काही कागदही आले. इंग्रजीतलं एक भाषण होतं ते. काही ओळींखाली रेघा ओढलेल्या, समासात चिनी अक्षरांत टिपणं. सोबत निरोप होता की वाचून झाल्यावर कागद परत पाठवावेत, पंतप्रधानांजवळ एवढी एकच प्रत आहे. पंतप्रधान म्हणजे चौ एन-लाय. भाषण होतं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचं, आणि किसिंजर होते त्याच निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. चौंनी बोलता बोलता त्या भाषणाचा विषय काढला, तेव्हा आपण ते वाचलेलं नाही हे पाहुण्याला कबूल करावं लागलं होतं. धन्याच्या मनात काय आहे हे कारभाऱ्याला शेजाऱ्याच्या ओसरीवर कळावं, तसला हा प्रकार.

किसिंजरांचा तसा दोष नव्हता. निक्सन यांनी ते भाषण ६ जुलैला कॅन्सस सिटीच्या हॉलिडे इन हॉटेलात, आसपासच्या राज्यांतल्या वृत्तपत्रं आणि वाहिन्यांच्या संपादक-व्यवस्थापकांसमोर केलं होतं. बैठक देशांतर्गत धोरणावरची. तिथे जगाविषयी काही मोलाचं बोललं जाईल अशी कुणाची अपेक्षा नव्हती, त्यामुळे अमेरिकन वर्तमानपत्रांनीही त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. किसिंजर त्या दिवशी आपल्याकडे, दिल्लीत होते. पेकिंगमध्ये मात्र एक माणूस हातात पेन्सिल घेऊन ते वाचत होता.

निक्सन म्हणाले होते ते थोडक्यात असं : दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिका सगळ्यांच्या डोक्यावर होती, आता ती स्थिती उरलेली नाही. पुढच्या पाच-दहा-पंधरा वर्षांत पाच मोठ्या आर्थिक महासत्ता असतील : अमेरिका, पश्चिम युरोप, सोव्हिएत संघ, चीन आणि जपान. शेवटी शेवटी त्यांनी ग्रीस आणि रोमचे उरलेले खांबही आठवले. बलाढ्य संस्कृती जातात आणि मागे दगड राहतात, या चालीवरचं ते बोलणं होतं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी ही भाषा नवीन होती.

आज ‘बहुध्रुवीय जग’ म्हटलं की आपल्याला ब्रिक्सच्या बैठका आठवतात, किंवा १९९८ च्या डिसेंबरात दिल्लीत येऊन मॉस्को-दिल्ली-पेकिंग या त्रिकोणाबद्दल बोललेले रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान येवगेनी प्रिमाकोव्ह आठवतात. अमेरिकेला खाली ओढू पाहणाऱ्यांची ही घोषणा आहे, असा सर्वसाधारण समज. पण १९७१ मध्ये ती कल्पना जाहीरपणे आणि जबाबदारीच्या जागेवरून मांडली ती अमेरिकेनेच, तीही दमलेल्या अवस्थेत. शब्दाचीही गंमत आहे. आपल्याकडे ध्रुव म्हणजे अढळपद, आणि ते एकच. बापाच्या मांडीवरून उठवलेल्या पोराने तपश्चर्या करून मिळवलेलं. अनेक ध्रुव म्हणजे अनेक अढळपदं, म्हणजे एकही अढळ नाही. १९७१ साली नेमकं तेच झालं.

किसिंजर पेकिंगला पोचले कसे, ती गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे, तरी तिचा मोह आवरत नाही. ८ जुलैला ते इस्लामाबादेत होते. रात्री पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांच्याकडे जेवण झालं, पाहुण्याचं पोट बिघडल्याची आवई उठवली गेली, आणि विश्रांतीसाठी ते नथियागली या थंड हवेच्या ठिकाणी गेल्याचं पत्रकारांना सांगण्यात आलं. मोटारींचा एक रिकामा ताफा खरोखरच तिकडे रवाना झाला. खरे किसिंजर पहाटे चार वाजता चकलाला विमानतळावर पाकिस्तान इंटरनॅशनलच्या बोइंग ७०७ मध्ये चढले. आत माओच्या पठडीतले कोट घातलेली चिनी माणसं बसलेली पाहून त्यांच्या अंगरक्षकांची भंबेरी उडाली. विमान वर गेल्यावर किसिंजरांच्या लक्षात आलं की जादा सदरे मागेच राहिले. मग जॉन होल्ड्रिज या उंचापुऱ्या सहकाऱ्याचे सदरे उसने घ्यावे लागले. ते त्यांना ढगळ होत होतेच, शिवाय त्यांच्या कॉलरमागच्या पट्टीवर छापलं होतं : तैवानमध्ये बनवलेला. ज्या बेटावरून वीस वर्षं दोन्ही देशांत वितुष्ट होतं, त्याच बेटाचा सदरा अंगात घालून अमेरिकेचा दूत चौ एन-लायसमोर बसला.

चौंनी पाच महासत्तांच्या यादीतली एक गोष्ट तिथल्या तिथे परत केली. चीन महासत्ता नाही आणि त्याला व्हायचंही नाही, असं त्यांनी सांगितलं. विनय असेल, डावपेच असेल. पण त्यात हिशेबही होता. सांस्कृतिक क्रांतीने पोखरलेला तो गरीब देश होता. १९६९ मध्ये उसुरी नदीच्या काठावर सोव्हिएत सैन्याशी त्याची चकमक झडली होती आणि उत्तर सीमेवर रशियन तुकड्या वाढत होत्या. पाचव्या बोटाचा मान घेण्यापेक्षा शत्रूच्या शत्रूला घरात घेणं त्याच्या जास्त उपयोगाचं होतं. पाची बोटं सारखी नसतात, हे चौंना निक्सनपेक्षा चांगलं माहीत होतं.

१५ जुलैच्या रात्री निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर काही मिनिटांत जाहीर केलं की आपण चीनला जाणार आहोत. जपानचे पंतप्रधान एसाकू सातो यांना ही खबर घोषणेच्या जेमतेम आधी मिळाली. टोकियोतले अमेरिकन राजदूत आर्मिन मेयर यांना तर तीही नाही. ते केस कापून घेत होते आणि बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. पाच बोटांपैकी एका बोटाला दुसऱ्या बोटाने असं वागवलं. जपान्यांनी या धक्क्याला निक्सनचंच नाव दिलं, आणि महिन्याभरात त्याच नावाचा दुसरा धक्का बसला.

तो दुसरा धक्का समजायला थोडं मागे जावं लागतं. १९४४ च्या जुलैत अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या गावी चव्वेचाळीस देशांची माणसं जमली आणि युद्धानंतरच्या जगाच्या पैशाची घडी त्यांनी बसवली. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, आपले चिंतामणराव देशमुख. ठरलं ते असं : एक औंस सोनं म्हणजे ३५ डॉलर. बाकीची चलनं डॉलरला बांधलेली आणि डॉलर सोन्याला. कुठल्याही देशाच्या मध्यवर्ती बँकेने डॉलर आणून दिले तर अमेरिका त्याचं सोनं देईल. म्हणजे एकच ध्रुव, आणि तो सोन्याचा. द्विध्रुवीय म्हणतात त्या जगातही पैशाच्या बाबतीत दुसरा ध्रुव कधी नव्हता.

ही रचना तिच्या यशानेच खचली. जगाला व्यापारासाठी डॉलर हवे होते, म्हणून अमेरिकेने ते बाहेर जाऊ द्यायचे. पण जितके डॉलर बाहेर, तितका सोन्याचा दावा मोठा. त्यात व्हिएतनामच्या खर्चाची भर पडली. जर्मनी आणि जपान युद्धाच्या राखेतून उठून अमेरिकेलाच माल विकू लागले. १९७१ पर्यंत अमेरिकेकडे साधारण दहा अब्ज डॉलरचं सोनं उरलं होतं आणि परदेशात फिरणारे डॉलर त्याच्या कित्येक पट होते. सावकाराकडच्या ठेवी एकाच दिवशी मागायला लोक आले तर काय होतं, हे कुठल्याही बाजारपेठेच्या गावाला सांगायला नको.

१३ ऑगस्टच्या शुक्रवारी निक्सन मोजकी माणसं घेऊन कॅम्प डेव्हिडच्या डोंगरावर गेले. अर्थमंत्री जॉन कॉनली, मध्यवर्ती बँकेचे आर्थर बर्न्स, अर्थखात्यातले पॉल व्होल्कर, भाषण लिहायला विल्यम सफायर. सोन्याची खिडकी बंद करायची हे ठरलं. घोळ झाला तो भाषण कधी करायचं यावर. रविवारी रात्री बोलावं तर लोकांची आवडती ‘बोनान्झा’ ही मालिका कापावी लागणार आणि मतदार चिडणार, याची राष्ट्राध्यक्षांना काळजी होती. पण सोमवारी बाजार उघडण्याआधी बोलणं भाग होतं. शेवटी रविवारी, १५ ऑगस्टला, रात्री नऊ वाजता ते बोलले. डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद, आयातीवर दहा टक्के जादा कर, पगार आणि किमती नव्वद दिवस गोठवलेल्या. नाटो, जपान, नाणेनिधी, कुणालाही आधी विचारलं नव्हतं. आपल्याकडे तेव्हा १६ तारखेची सकाळ होती, साडेसहाची वेळ.

त्या सकाळी भारताचे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. देशमुखांनी ब्रेटन वुड्सला जे बांधताना पाहिलं, ते सुटताना खजिन्याच्या किल्ल्या चव्हाणांकडे होत्या, हा योगायोग मला फार वेळा आठवतो. चव्हाणांपुढे त्या वर्षी डॉलरपेक्षा मोठं संकट सीमेवरून चालत येत होतं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्यांना जेवू घालायचं कुठून? १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं वेगळं तिकीट सक्तीचं झालं. सुरुवातीला छापायला वेळ नव्हता म्हणून कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच शरणार्थी साहाय्याची अक्षरं उमटवून ती विकली गेली. मग पळत सुटलेल्या माणसांचं चित्र असलेलं खास तिकीट निघालं. १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत ते पाच पैसे प्रत्येक पाकिटाला चिकटत राहिले. अनेक घरांत जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात ते तिकीट अजून सापडेल.

निक्सन यांच्या यादीत भारत नव्हता. पंचावन्न कोटींचा देश, पण हिशेबात नाही. नुसतं विसरण्यापर्यंत गोष्ट थांबली असती तरी ठीक होतं, पण पाकिस्तान हा चीनच्या दारातला उंबरठा असल्यामुळे पूर्व पाकिस्तानात मार्चपासून पाकिस्तानी लष्कराने चालवलेल्या कत्तलीकडे वॉशिंग्टनने कानाडोळा केला. जुलैतच किसिंजर यांनी आपले राजदूत लक्ष्मीकांत झा यांना सांगून ठेवलं की चीनने पाकिस्तानच्या बाजूने हात घातला तर अमेरिकेच्या मदतीवर विसंबू नका. १९६२ च्या चीन युद्धात मदतीला धावलेला देश आता असं म्हणत होता. दिल्लीने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. ९ ऑगस्टला सरदार स्वर्णसिंग आणि आंद्रेई ग्रोमिको यांनी वीस वर्षांच्या मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. त्याच्या नवव्या कलमात होतं की एकावर हल्ला झाला किंवा होण्याची भीती असली तर दोघांनी तातडीने विचारविनिमय करायचा. अलिप्ततेचं सोवळं मोडलं म्हणून तेव्हा पुष्कळ ओरडा झाला. मला तो ओरडा कधी पटला नाही. पाचांच्या पंगतीत पाट मिळणार नसेल, तर बसलेल्यांपैकी एकाच्या मांडीला मांडी लावून बसणं एवढंच हातात होतं.

त्या सहामाहीत बाकीचीही पडझड भराभर चालली होती. २५ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७६ विरुद्ध ३५ मतांनी तैवानची जागा पेकिंगला दिली, सतरा देश तटस्थ राहिले. भारताने चीनच्या बाजूने मत दिलं, नऊ वर्षांपूर्वीचं युद्ध पोटात ठेवून. टांझानियाच्या प्रतिनिधींनी सभागृहातच नाच केला आणि अमेरिकन वर्तमानपत्रांना तो मतदानापेक्षा जास्त झोंबला. तीन दिवसांनी ब्रिटनच्या कॉमन्स सभेने ३५६ विरुद्ध २४४ मतांनी युरोपच्या सामायिक बाजारात जायचं ठरवलं. डिसेंबरच्या आरंभी ब्रिटिशांनी इराणच्या आखातातून बस्तान हलवलं आणि संयुक्त अरब अमिराती जन्माला आली. १९६६ पर्यंत त्या किनाऱ्यावर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला रुपया चालत असे, हे आता तिथे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

नव्या जगाची पहिली परीक्षा डिसेंबरात झाली. ३ तारखेला पाकिस्तानने पश्चिमेकडच्या भारतीय विमानतळांवर बॉम्ब टाकले. ४ तारखेच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या नौकांनी कराचीवर क्षेपणास्त्रं सोडली. नौका रशियन बनावटीच्या, क्षेपणास्त्रंही रशियन, नावं संस्कृत आणि मुक्काम मुंबई. मुंबईकर तेव्हा खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावून बसले होते.

न्यूयॉर्कमध्ये पाच बोटं एकमेकांकडे बघत होती. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले आणि सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरला. अमेरिका आणि नुकताच आलेला चीन एका बाजूला. ब्रिटन आणि फ्रान्स मात्र तटस्थ राहिले. युरोप आता अमेरिकेच्या मागून मान हलवणार नव्हता. आमसभेत १०४ विरुद्ध ११ असं मतदान झालं. अकरांत सोव्हिएत गट, आपण, आणि अडीच महिन्यांपूर्वीच सभासद झालेला भूतान. अलिप्त चळवळीतले बहुतेक सोबती समोरच्या बाजूला होते.

१० डिसेंबरला किसिंजर न्यूयॉर्कमध्ये चीनचे प्रतिनिधी हुआंग हुआ यांना गुपचूप भेटले आणि चीनने भारताच्या सीमेवर काही हालचाल केली तर अमेरिका पाठीशी राहील, असं त्यांनी सुचवलं. त्याच दिवशी ‘एंटरप्राइज’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजाच्या ताफ्याला बंगालच्या उपसागराकडे निघायचा हुकूम गेला. १२ तारखेला चिन्यांनी तातडीची भेट मागितली. व्हाइट हाउसला वाटलं, चीन उतरतोय. चीन उतरला तर रशिया काय करेल, आणि मग आपण काय करायचं, इथवर निक्सन आणि किसिंजर यांची चर्चा गेली. किसिंजरांचे सहायक अलेक्झांडर हेग भेटीला गेले. निरोप निघाला तो भलताच : चीन युद्धबंदीच्या प्रस्तावाला पाठिंबा द्यायला तयार आहे. हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या होत्या आणि चौ एन-लाय दुसऱ्याच्या हिशेबासाठी आपली माणसं बर्फात घालणाऱ्यांतले नव्हते. ‘एंटरप्राइज’ १५ तारखेला उपसागरात शिरलं. १६ ला दुपारी साडेचारच्या सुमारास ढाक्याच्या रेसकोर्सवर पाकिस्तानी शरणागतीवर सह्या झाल्या. यादीत नसलेल्या देशाने यादीत नसलेला आणखी एक देश नकाशावर आणला होता.

आणि मग त्याच आठवड्यातली, फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. १७ आणि १८ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत दहा श्रीमंत देशांचे अर्थमंत्री बसले आणि त्यांनी चलनांचे नवे भाव ठरवले. सोनं ३५ वरून ३८ डॉलर झालं. जपानी येन वीस-बावीस वर्षं डॉलरला ३६० होता, तो ३०८ वर आला. निक्सन यांनी हा जगाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा चलनविषयक करार असल्याचं सांगितलं. तो सव्वा वर्षही टिकला नाही. आपल्याला त्या खोलीत बोलावणं नव्हतं. डॉलरशी ७ रुपये ५० पैसे या भावाने बांधलेला रुपया चव्हाणांच्या खात्याने २० डिसेंबरला सोडवला आणि पौंडाला बांधला : एका पौंडाला १८.९६७७ रुपये. ढाका पडून चार दिवस झाले होते, देश गुलालात न्हात होता, आणि त्याचा पैसा मात्र जुन्या धन्याच्या खुंटीला अडकवला जात होता. सहा महिन्यांत, २३ जून १९७२ ला, पौंडच तरंगता झाला. त्याच्याबरोबर रुपयाही वरखाली होऊ लागला. १९७५ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने एक टोपली केली. अनेक देशांची चलनं तीत घातली आणि रुपयाचा भाव त्या सगळ्यांवरून ठरू लागला. टोपलीत कोण कोण आणि किती, हे मात्र गुपित ठेवलं. परराष्ट्रमंत्र्यांच्या कितीतरी भाषणांपेक्षा ही टोपली मला त्या काळच्या जगाचं जास्त नेमकं चित्र वाटते.

पाच बोटांच्या हिशेबातली चूक १९७३ च्या ऑक्टोबरात सगळ्या जगाला महागात पडली. अरब देशांनी तेल अडवलं, काही महिन्यांत त्याचा भाव चौपट झाला, आणि जपान, युरोप, अमेरिका या तिन्ही बोटांना चटका बसला. कॅन्सस सिटीच्या भाषणात तेलाच्या विहिरींना जागा नव्हती. खुद्द चौंनी अधोरेखित केलेल्या ओळींतही ती असण्याचं कारण नव्हतं. यादी करणारा माणूस आपल्याला दिसतात त्यांचीच नावं लिहितो.

चीनने मिळालेल्या जागेचा उपयोग कसा केला, तेही सांगायला हवं. सुरक्षा परिषदेतला त्याचा पहिला नकाराधिकार २५ ऑगस्ट १९७२ ला पडला, बांगलादेशाला संयुक्त राष्ट्रांत घेऊ नये म्हणून. वर्षापूर्वी स्वतः दाराबाहेर उभा असलेला देश आत येताच कडी लावून बसला. बांगलादेशाला आणखी दोन वर्षं, १९७४ च्या सप्टेंबरापर्यंत, थांबावं लागलं.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरात चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले. १९६२ च्या नोव्हेंबरात चिनी सैन्य ईशान्येत घुसलेलं असताना नेहरूंनी त्यांना मुंबईहून संरक्षण खात्यावर बोलावून घेतलं होतं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असं तेव्हा घरोघर म्हटलं गेलं. चीनमुळे दिल्लीला गेलेल्या याच माणसाने १९७६ च्या एप्रिलमध्ये संसदेत सांगितलं की पंधरा वर्षं पेकिंगमध्ये आपला राजदूत नव्हता, आता पाठवतो आहोत. के. आर. नारायणन यांची निवड झाली. ते पोचले त्या उन्हाळ्यात चौ एन-लाय जाऊन सहा महिने झाले होते. सप्टेंबरात माओही गेले.